पावणेपाच वर्षांची मुलगी सारखी धडपडते: वाट पाहावी की आत्ताच दाखवावं?

केळफूल

माझी मुलगी पावणेपाच वर्षांची आहे, सीनियर केजीत जाते. बोलण्यात कुणाला हार जाणार नाही. गोष्टी पाठ आहेत, नात्यातल्या सगळ्यांचे वाढदिवस लक्षात असतात. पण अंगाच्या हालचाली जमत नाहीत. सपाट फरशीवर पडते, दाराच्या चौकटीवर खांदा आपटते. तीनचाकीचं पेडल मारता येत नाही, पाय जमिनीवर टेकवून ढकलत नेते. जिना उतरताना अजून एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवते. वरणभात हाताने खाताना अर्धा ताटाबाहेर जातो. बटणं लावायची म्हटलं की रडारड.

शाळेतून निरोप येतो, "लक्ष देत नाही, वहीत गिचमिड करते." सासूबाई म्हणतात, तिचा बाबाही लहानपणी असाच वेंधळा होता, झाला की नीट. डॉक्टर म्हणाले, सहा वर्षांची होऊ दे, मग बघू.

या वयात काही ओळखता येतं का? आणि दाखवायचं तर कुणाला, हाडांच्या डॉक्टरांना, मेंदूच्या डॉक्टरांना की आणखी कुणाला? ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी जरूर लिहा.

गवतीचहा

आमच्याकडे धाकटा असाच होता. साडेपाचला अचानक सायकल चालवायला लागला. काळजी करू नका, प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो.

परखड_पुणेकर

गवतीचहांशी सहमत. हल्ली प्रत्येक मुलाला काही ना काही लेबल लागतं. आम्ही पडलो, गुडघे फोडले, हळद लावली, पुन्हा खेळायला पळालो. मुलांना मैदानात सोडा. टॅब काढून घ्या. निम्मे प्रश्न तिथेच संपतील.

खडूफळा

मी बालवाडीत बरीच वर्षं शिकवते आहे. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होऊ नयेत म्हणून लिहिते.

साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला चार रेघी वहीत 'अ' गिरवता आला नाही तर तो मुलाचा दोष नाही, वही देणाऱ्यांचा आहे. या वयात गोल, मग अधिकचं चिन्ह, मग चौकोन, पाचच्या आसपास त्रिकोण अशी रेषा हळूहळू उमलते. त्यामुळे केळफूलताई, नुसत्या वहीवरून मी काहीच म्हणणार नाही.

पण बाकीचं जे लिहिलंय ते वहीपलीकडचं आहे. मी वर्गात लंगडी बघते. साधारण चार वर्षांचं मूल एका पायावर दोन-तीन उड्या मारतं. पाचच्या आसपास बऱ्याच मुलांना पाच-सहा जमतात. जे मूल लंगडीत उतरतच नाही, "मला आवडत नाही" म्हणून भिंतीला टेकून बसतं, तेच मूल मणी ओवताना चिडतं, डबा उघडायला रोज बाईंकडे येतं आणि झिम्म्यात टाळी चुकली की मैत्रिणींवर ओरडतं, तेव्हा मी पालकांना बोलावते. एखादी गोष्ट न येणं सगळ्याच मुलांत दिसतं. सगळीकडे, रोज, आणि सोबतच्या मुलांपेक्षा ठळकपणे मागे असलं तर बघायला हवं.

आणखी एक निरीक्षण. ही मुलं फार हुशारीने टाळतात. वर्गात विदूषक होतात किंवा सगळ्यांना नियम समजावून सांगणारे पंच होतात. म्हणून "लक्ष देत नाही" हा शेरा त्यांच्या वाट्याला हमखास येतो.

तात्या_सातारकर

लंगडीचं वाचून आनंद झाला. आमचा नातू दिवाणखान्यात लंगडी घालतो, मग खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी वर येतात. आता त्यांना सांगणार आहे की ही डोळ्यांदेखत चाललेली तपासणी आहे, या, बसा, तुम्हीही उड्या मोजा.

सुईदोरा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे जेवणं, कपडे घालणं, लिहिणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी. मुलांसोबतच काम करते. इथे मुलीला न बघता निदान करणार नाही, पण प्रश्न अगदी योग्य आहे म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही वर्णन केलेल्या अडचणींमागे डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर असू शकतो, थोडक्यात डीसीडी. पूर्वी पुस्तकांत 'क्लम्सी चाइल्ड' असा शब्द असायचा. १९९४ साली कॅनडातल्या लंडन शहरात तज्ज्ञांची बैठक झाली आणि डीसीडी हे नाव सर्वांनी वापरायचं ठरलं. शाळकरी वयात शंभरातल्या पाच-सहा मुलांना हे असतं, म्हणजे मोठ्या वर्गात दोन-तीन मुलं तरी. मुलग्यांमध्ये जास्त आढळतं. मुली शांतपणे बाजूला बसतात आणि निसटून जातात. बुद्धीशी याचा संबंध नाही. स्नायूंत ताकद असते, काय करायचं हेही कळतं, पण हालचाल आखणं, ती अंगवळणी पडणं आणि चुकल्यावर लगेच सुधारणं यात मेंदूला जास्त कष्ट पडतात. मुदतीपूर्वी आणि कमी वजनाने जन्मलेल्या बाळांत ही शक्यता कित्येक पटींनी वाढते, तेव्हा अशा मुलांवर सुरुवातीपासूनच लक्ष ठेवावं. चंचलतेचा त्रास म्हणजे एडीएचडी बऱ्याचदा याच्या जोडीला असतो.

आता वयाबद्दल. डॉक्टर थांबायला सांगतात त्यालाही आधार आहे. या विषयावरच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात की पाच वर्षांआधी सहसा निदान करू नये, कारण या वयात मुलं फार झपाट्याने बदलतात. तीन ते पाच या वयात अडचण फारच ठळक असेल, शिकायची संधी मिळालेली असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर किमान तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा तपासून मगच नाव द्यावं असं त्यांत आहे. पण निदान थांबलं म्हणून मदत थांबवायची नसते. पाचच्या आधीही मूल्यमापन होतं आणि कामही सुरू करता येतं.

आम्ही जी चाचणी वापरतो (मूव्हमेंट एबीसी, दुसरी आवृत्ती) ती तीन वर्षांपासून करता येते. लहान गटात फटीतून नाणी डब्यात टाकणं, मणी ओवणं, दोन रेघांच्या मधून पेन्सिल नेणं, बियांची पिशवी झेलणं आणि फेकणं, एका पायावर उभं राहणं, टाचा उचलून रेषेवर चालणं, चटईवरून उड्या असं सगळं असतं. मुलांना खेळच वाटतो. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी पंधरा प्रश्नांची वेगळी प्रश्नावलीही आहे. पण माझ्यासाठी चाचणीइतकीच घरची माहिती मोलाची असते. मूल जेवतं कसं, कपडे कसे घालतं, बागेत गेल्यावर कशाकडे पाठ फिरवतं, हे आईबाबांइतकं कुणालाच माहीत नसतं.

परखड_पुणेकर

सुईदोरा, माहितीबद्दल आभार. पण "शिकायची संधी मिळालेली असेल" हे तुम्हीच लिहिलंत. फ्लॅटमध्ये वाढलेल्या, गाडीतून शाळेत जाणाऱ्या मुलाला संधी मिळाली असं कसं म्हणायचं? माझा मुद्दा तोच आहे.

सुईदोरा

मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच आम्ही पहिल्या भेटीत विचारतो की मूल बाहेर किती खेळतं, स्वतःच्या हाताने जेवतं की आजी भरवते, चपला कोण घालतं. ज्याला कधी बटण लावूच दिलं नाही त्याला ते न येणं साहजिक आहे. अशा मुलाला रोज करू दिलं तर काही आठवड्यांत फरक दिसतो. डीसीडी असलेलं मूल तितक्याच सरावात तितकं पुढे जात नाही. मैदान दोघांनाही हवं. एकाला तेवढं पुरतं, दुसऱ्याला पुरत नाही. नुसतं मैदानात सोडलं तर दुसरं मूल काही दिवसांत मैदानावर जाणंच बंद करतं, कारण तिथे रोज हरणं असतं.

स्टेथो_नाशिक

बालरोगतज्ज्ञ म्हणून थोडं लिहितो. केळफूल, आधी दुसरी कारणं वगळावी लागतात, ते काम आमचं. हाडांच्या डॉक्टरांकडून सुरुवात करायची गरज नाही.

काही खुणा असतील तर सहा वर्षांपर्यंत तर सोडाच, पुढच्या महिन्यापर्यंतही थांबू नका. आधी येत असलेली गोष्ट येईनाशी होणं. अलीकडेच सुरू झालेलं तोल जाणं, त्यासोबत डोकेदुखी किंवा सकाळच्या उलट्या. एकाच बाजूचा हात-पाय मागे राहणं. वर्षाच्या आतल्या बाळाने ठामपणे एकच हात वापरणं कौतुकाचं नसतं, दुसरी बाजू कमजोर आहे का ते बघावं लागतं. कायम चवड्यांवर चालणं.

आणि मुलग्यांसाठी खास: मूल जमिनीवर मांडी घालून बसलं असताना त्याला उठायला सांगा. ते आधी हात जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकवत स्वतःच्याच अंगावर चढत उठत असेल, पोटऱ्या फुगीर दिसत असतील, जिना चढताना दमत असेल, तर डुशेन या स्नायूंच्या आजाराची शंका घ्यावी लागते. सीपीके नावाची साधी रक्ततपासणी दिशा दाखवते. हा आजार 'वेंधळा आहे' या शब्दाखाली कितीतरी काळ दडून राहतो आणि तो वेळ मोलाचा असतो.

चालायला कधी लागली हेही आठवून ठेवा, डॉक्टर विचारतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलं साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान स्वतंत्र चालली. दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल तर ते तेव्हाच दाखवायला हवं. डोळे तपासून घ्या. अंतराचा अंदाज चुकला तरी मूल चौकटीवर आपटतं.

फणसपोळी

डॉक्टर, उठून दाखवायला सांगायची युक्ती फार उपयोगी आहे. आमच्या रत्नागिरीकडे मुलं अजूनही जमिनीवर बसून जेवतात, त्यामुळे रोज तीनदा आपोआप बघितलं जातं.

अवांतर: ठिकरी कुणी खेळतं का अजून? एका पायावर उड्या, वाकून ठिकरी उचलणं, रेषेवर पाय न देणं. वर सुईदोरांनी सांगितलेल्या चाचणीतलं निम्मं त्यात आहे.

तात्या_सातारकर

ठिकरी, लगोरी, विटीदांडू, सगळं. फक्त ठिकरीसाठी कवलाचा तुकडा लागतो आणि आता कवलंच राहिली नाहीत. नातवाने बाथरूमच्या फरशीचा तुकडा आणला. कुठून आणला ते सूनबाई शोधते आहे.

उजवाडावा

मी नागपूरचा, वय चाळिशीकडे झुकलेलं. "होतं नीट" म्हणणाऱ्यांसाठी लिहितोय.

माझं पूर्ण नीट झालं नाही. डीसीडी बऱ्याच जणांत मोठेपणीही राहतो, रूप बदलतं. शाळेत कबड्डीच्या संघात शेवटी उरणारा मी. अक्षरासाठी हातावर छड्या. पेपर अर्धा सुटायचा कारण हात चालायचा नाही, आणि प्रगतिपुस्तकावर शेरा असायचा 'आळशी'. उत्तरं येत होती. मोठेपणी गाडी शिकायला मित्रांपेक्षा फार वेळ लागला. पण शिकलो, आज रोज चालवतो. हे सगळं काय आहे ते मला तिशीनंतर कळलं, तेही भाच्याला तपासायला नेलं होतं तेव्हा.

हालचालींच्या अडचणीपेक्षा मला 'आळशी' या शब्दाने जास्त छळलं. मला वाटायचं, आपण मनापासून प्रयत्न करत नाही. केळफूलताई, तुमच्या मुलीला अजून पाच वर्षंही झालेली नाहीत आणि "लक्ष देत नाही" सुरू झालंय. नाव नंतर मिळो, पण तिच्याभोवतीच्या मोठ्या माणसांना आजच कळू द्या की ती मुद्दाम करत नाही.

गवतीचहा

उजवाडावा, वाचून गलबलून आलं. माझा धाकटा आपोआप शिकला तसं सगळ्यांचं होत नाही, हे लक्षात ठेवेन.

मँचेस्टरची_मावशी

इथे याला डिस्प्रॅक्सिया म्हणायची जास्त पद्धत आहे. हॅरी पॉटरच्या सिनेमातल्या डॅनियल रॅडक्लिफने २००८ मध्ये सांगितलं होतं की त्याला सौम्य डिस्प्रॅक्सिया आहे आणि बुटाची नाडी बांधणं जड जातं. माझ्या लेकाला त्या एका वाक्याचा भारी आधार वाटला.

इंग्लंडमध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांची हेल्थ व्हिजिटर तपासणी करते, त्यात पालकांनी भरायची प्रश्नावली असते. माझा मुलगा तेव्हा काठावर पास झाला. खरी अडचण पुढे नर्सरीत दिसली, पीईसाठी कपडे बदलताना. थेरपीची वेटिंग लिस्ट इथे लांब असते, तेव्हा "परदेशात सगळं पटकन होतं" असं कुणी समजू नये.

सुईदोरा, एक प्रश्न. पुण्यातल्या माझ्या बहिणीला तिच्या मुलासाठी सेन्सरी इंटिग्रेशनचं मोठं पॅकेज सांगितलंय, झोके, ब्रशने अंग घासणं वगैरे. इथे आम्हाला सरळ जे येत नाही तेच शिकवलं. कोणतं बरोबर?

सुईदोरा

यावर माझ्याच व्यवसायात मतभेद आहेत. डीसीडीसाठी सध्या चांगला पुरावा आहे तो जे काम जमवायचं त्याचाच टप्प्याटप्प्याने सराव करण्याच्या पद्धतींना. त्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचाही कल तोच. झोका घेतल्याने बटण लावता येत नाही, बटण लावल्याने येतं. झोके मुलांना आवडतात, जरूर घ्यावेत, पण महिनोन्‌महिन्यांच्या पॅकेजचे पैसे आधी भरू नयेत. थेरपिस्टला पहिल्याच दिवशी विचारा: तीन महिन्यांनी माझं मूल घरात कोणती नवी गोष्ट करेल? उत्तर "तिची सिस्टीम रेग्युलेट होईल" असं गोल आलं तर दुसरीकडे बघा. "स्वतः पेडल मारेल" असं आलं तर तिथेच सुरू करा.

घरी करण्यासारखं: एका वेळी एकच लक्ष्य घ्या, आणि ते मुलीने निवडलेलं असू द्या. मोठं बटण, सैल काजं, कपडा अंगात न घालता समोर मांडीवर ठेवून. शेवटची पायरी तिला करू द्या, म्हणजे काम पूर्ण केल्याचं समाधान तिचं. मटार सोलणं, कणकेचे गोळे, मेथी निवडणं, रांगोळीचे ठिपके, हे सगळं चालतं, पण घाईच्या वेळी नको. शाळेची रिक्षा खाली उभी असताना बटणं तुम्हीच लावा.

स्टेथो_नाशिक

इथे माझा थोडा वेगळा सूर. काही मुलांना आवाज, स्पर्श यांचा खरंच त्रास असतो आणि त्यांना अशा थेरपीने बरं वाटताना मी पाहिलंय. पॅकेज आधी भरू नये याला मात्र पूर्ण पाठिंबा.

सुईदोरा

स्पर्श-आवाजाचा त्रास असेल तर तो वेगळा प्रश्न, मान्य. मी फक्त हालचालींपुरतं बोलले.

आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. मूळच्या अमेरिकन. तरीही आज पालक तिसऱ्या-चौथ्या दारात आमच्यापर्यंत पोचतात याचं वाईट वाटतं.

खडूफळा

फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाने आहे! मॅक्सीनताई बर्नसन यांनी उभी केलेली शाळा. आम्हा शिक्षकांना ते नाव शाळेमुळे माहीत, थेरपीचा धागा आज कळला.

रानजाई

मी पालघर जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. वर सगळी चर्चा खाजगी थेरपीची चाललीय म्हणून सरकारी बाजू सांगते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आमच्या पालघरमधूनच सुरू झाला, तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी मोफत. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. विकासातल्या विलंबात हालचालींचा विलंबही त्यांच्या यादीत आहे. अडचण सापडली की जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, तिथे फिजिओथेरपी वगैरेची सोय असणं अपेक्षित असतं.

पण खरं सांगते. पथक येतं तेव्हा एका दिवसात पुष्कळ मुलं बघायची असतात. वजन, दात, त्वचा, हृदयाचे ठोके यांतलं काही असलं तर सापडतं. पडतं-धडपडतं मूल त्या दिवशी बाकावर गप्प बसलेलं असतं, मग कसं कळणार? म्हणून सेविकेने आधीच वहीत लिहून ठेवलं पाहिजे की हे मूल ओट्यावरून उडी मारत नाही, खिचडीचं ताट दोन्ही हातांनी धरूनही सांडतं. आमच्या भागात तर सोबतची पोरंच सांगतात, "बाई, ह्याला झाडावर चढता येत नाही." पोरांची ती नजर पक्की असते. अशी नोंद असली की पथकातल्या डॉक्टरांना थांबून बघावंच लागतं.

परखड_पुणेकर

रानजाईताई, ही नोंदीची पद्धत शहरातल्या प्ले-स्कूलमध्येही हवी. लेबलाला माझा विरोध अजून आहे, पण नोंदीला अजिबात नाही.

केळफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके दिवस लिहिलं नाही कारण धावपळ चालली होती.

आधी डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. या वेळी गोष्टी लिहून नेल्या होत्या आणि जिना उतरतानाचा व्हिडिओही. त्यांनी नीट तपासलं, स्टेथो_नाशिक यांनी सांगितलेली जमिनीवरून उठायची परीक्षाही घेतली, ती व्यवस्थित उठली. डोळे चांगले आहेत. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे चाचणी झाली. तोल आणि झेलणं-फेकणं बरंच खाली, हाताची कामंही खाली. नाव अजून दिलेलं नाही, पाच पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणार.

लक्ष्य तिलाच निवडायला सांगितलं. मला वाटलं होतं सायकल म्हणेल. ती म्हणाली, "डबा माझा मी उघडणार." तर सध्या डब्यावर काम चाललंय. स्टीलचा घट्ट डबा बदलून बाजूला कड्या असलेला घेतला. उजवाडावांचा प्रतिसाद नवऱ्याने सासूबाईंना वाचून दाखवला. त्यानंतर त्या स्वतः नातीला घेऊन शेंगा सोलायला बसतात.

शाळेत बाईंशी बोलायचं बाकी आहे. खडूफळाताई, नेमकं काय मागू?

खडूफळा

लांबलचक अहवाल देऊ नका, वर्गात पस्तीस मुलं असतात. चारच गोष्टी मागा. खुर्ची अशी द्या की तिचे पाय जमिनीला टेकतील. लिखाण निम्मं द्या आणि उरलेलं तोंडी विचारा. स्नेहसंमेलनाच्या नाचात तिला मागच्या रांगेत न लपवता जिथे हालचाल सोपी आहे तिथे उभं करा. आणि "लक्ष देत नाही" ऐवजी काय जमलं नाही ते डायरीत लिहा असं नम्रपणे सांगा. तुमच्या पुढच्या तपासणीला त्या नोंदी कामी येतील.

निंबोणी२

धागा वाचून पहिल्यांदाच लिहिते. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, सातव्या महिन्यात झालेला, वजन सव्वा किलो होतं. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, जवळ थेरपिस्ट नाही. अजून उडी मारत नाही. मीही थांबू की जाऊ?

सुईदोरा

तुम्ही थांबू नका. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाचा पाठपुरावा पाच वर्षांपर्यंत तरी व्हायलाच हवा. नवजात विभागाचं डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा, तेव्हाची बाळाच्या डोक्याची सोनोग्राफी असेल तर तीही.

रानजाई

निंबोणीताई, गावातल्या आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला सांगा की राष्ट्रीय बाल स्वास्थ्यच्या पथकाकडे नाव द्यायचंय. पथकाची वाट बघायची नसेल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, कार्ड सोबत न्या. जिल्हा कोणता ते इथे लिहा, तिथली कुणी ओळखीची पर्यवेक्षिका असेल तर मी विचारते.